जुन्या अमेरिकी पाळकांची पत्रं आणि उपदेश वाचायचे कसे?

३० मे १७३५ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावच्या पाळकाने बॉस्टनचे ज्येष्ठ पाळक बेंजामिन कोलमन यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. लिहिणाऱ्याचं नाव जोनाथन एडवर्ड्स, वय ३१. गावात काही महिन्यांपासून धर्मजागृतीची लाट आली होती, जुनी भांडणं मिटली होती, आणि पाळकाचा आनंद ओळीओळीतून सांडत होता. पण पत्र लगेच रवाना झालं नाही. ३ जूनला त्याच कागदावर त्याने आणखी मजकूर जोडला: गेल्या रविवारी सकाळी माझ्या हॉली अंकलनी स्वतःचा गळा चिरून जीव दिला.

हेच पत्र पुढे वाढवून त्याचं पुस्तक झालं. ते १७३७ मध्ये लंडनला छापलं गेलं आणि खूप गाजलं. पुस्तकातही ही आत्महत्या आहे, पण तिथे हॉलींचं नाव नाही आणि नातंही नाही. चांगल्या समजुतीचा एक गृहस्थ, एवढंच. पत्रातला हंबरडा पुस्तकात निरीक्षण होऊन येतो.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो: या लोकांचे छापील उपदेश एकटे वाचू नका. त्याच माणसाचं, जमल्यास त्याच महिन्यातलं पत्र शेजारी ठेवा. मी पहिलं वर्षभर नुसते उपदेश वाचले आणि ही सगळी माणसं दगडाची आहेत असं माझं मत झालं. ते साफ चुकीचं होतं. खाली लिहिलंय ते त्या चुकीतून सुटण्यासाठी मी जे शिकलो ते.

आधी माणूस एकच निवडा

सतराव्या-अठराव्या शतकातल्या अमेरिकी पाळकांनी लिहिलेला कागद अफाट आहे. एकट्या कॉटन मॅदर (१६६३–१७२८) यांची छापील पुस्तकं-पुस्तिकाच चारशेच्या घरात जातात. एडवर्ड्सच्या उपदेशांची सुमारे बाराशे हस्तलिखितं येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहेत. 'प्युरिटन लोक', म्हणजे इंग्लंडच्या चर्चची शुद्धी मागणारे कडवे प्रोटेस्टंट, 'काय म्हणत होते' असा प्रश्न घेऊन यात शिरलात तर आठवड्याभरात बाहेर पडाल. एक माणूस घ्या, त्याच्या आयुष्यातलं एक वर्ष घ्या.

नवख्याने कोणापासून सुरुवात करावी? माझं उत्तर एडवर्ड्स नाही, मॅदर तर नाहीच. सॅमसन ऑकम (१७२३–१७९२) घ्या. ते मोहेगन या मूळनिवासी जमातीतले. १७५९ मध्ये त्यांना प्रेस्बिटेरियन पाळक म्हणून दीक्षा मिळाली. त्यांची आणि त्यांच्या भोवतालच्या लोकांची पत्रं डार्टमथ कॉलेजने 'ऑकम सर्कल' नावाच्या संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. तिथे मूळ कागदाचा फोटो, अक्षर न् अक्षर तशीच उतरवलेली नक्कल आणि आधुनिक वर्तनीतला मजकूर असं तिन्ही मिळतं. शिकण्यासाठी याहून चांगली शाळा मला माहीत नाही. खुद्द ऑकमचे मूळ कागद डार्टमथने २०२२ मध्ये मोहेगन लोकांना परत केले. चित्रं मात्र पाहता येतात.

एडवर्ड्ससाठी येलच्याच एडवर्ड्स केंद्राचं संकेतस्थळ आहे. छापील संच २६ खंडांचा, ऑनलाइन ७३ खंडांचा. मंडळ्यांची, म्हणजे गावोगावच्या चर्चची, दप्तरं, साध्या सभासदांच्या साक्षी आणि गावोगावच्या पाळकांचे कागद हवे असतील तर बॉस्टनच्या काँग्रिगेशनल लायब्ररीचा 'न्यू इंग्लंड्स हिडन हिस्टरीज' हा प्रकल्प पाहा. १८००पर्यंत अमेरिकेत छापलेल्या पुस्तकांपैकी सुमारे पाच हजारांचा टंकलेला मजकूर इव्हान्स संग्रहातून खुला झाला आहे. त्यात उपदेशांचा मोठा ढीग आहे आणि त्यात शब्द शोधता येतो.

अक्षर लावणं

मोडी शिकलेल्यांना हा भाग अर्धा येतोच. तिथे जसं लेखणी न उचलता ओढलेलं अक्षर, ओळीच्या टोकाला कोंबलेले शब्द आणि ज्याचे त्याचे खास लघुरूप असतात, तसंच इथेही. फक्त चार-पाच खोडी आधी माहीत हव्यात.

पहिली म्हणजे लांब 'एस'. तो 'एफ'सारखा दिसतो, पण मधली आडवी रेघ पूर्ण नसते. तो शब्दाच्या शेवटी येत नाही. तिथे आपला नेहमीचा 'एस' असतो. दुसरी, 'वाय' आणि त्याच्या डोक्यावर बारीक 'ई'. हा 'यी' नव्हे, हा साधा 'द'. जुन्या इंग्रजीत 'थ'चं एक स्वतंत्र अक्षर होतं, त्याचं रूप झिजत 'वाय'सारखं झालं. तसंच 'वाय'वर 'टी' म्हणजे 'दॅट'. तिसरी, 'डब्ल्यू'वर बारीक 'सीएच' म्हणजे 'व्हिच', आणि 'टीएच' असेल तर 'विथ'. चौथी, 'एम' किंवा 'एन'वरची आडवी रेघ: ते अक्षर दोनदा वाचा. पाचवी, 'यू' आणि 'व्ही', 'आय' आणि 'जे' यांची सर्रास अदलाबदल. शब्दाच्या आरंभी दोन छोटे 'एफ' दिसले तर तो एक मोठा 'एफ' समजा. पानाच्या तळाशी उजवीकडे एकटाच शब्द लटकलेला दिसला तर तो पुढच्या पानाचा पहिला शब्द असतो. तो दोनदा उतरवू नका.

उतरवताना ओळीला ओळ ठेवा. वर्तनी सुधारू नका. न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकटी कंस आणि प्रश्नचिन्ह टाकून पुढे चला. चौथ्या पानावर तोच शब्द स्वच्छ सापडतो. हात लागेपर्यंत रोज एकच पान करा, पण त्याच माणसाचं. ट्रान्स्क्रिबससारखी हस्ताक्षर वाचणारी साधनं आता आहेत, मीही वापरतो. मात्र अडलेल्या जागी यंत्र गप्प बसत नाही, शोभेलसा शब्द ठोकून देतं. उपदेशात तो शोभतोही, हाच धोका. यंत्राचा मजकूर फोटोशी पडताळल्याशिवाय कुणाला पाठवू नका.

काही पानं लागणारच नाहीत, कारण ती इंग्रजीत नसून लघुलिपीत आहेत. मायकल विगल्सवर्थ या पाळकाने रोजनिशीतल्या खासगी कबुल्या लघुलिपीत लपवल्या. ऱ्होड आयलंडचे संस्थापक रॉजर विल्यम्स यांनी एका पुस्तकाच्या समासांत केलेली लघुलिपीची टिपणं ब्राउन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना २०१२च्या सुमारास उलगडली. तोवर ती शतकानुशतकं कुणालाच वाचता आली नव्हती. तेव्हा अशी ओळ आली की 'लघुलिपी, ६ ओळी' एवढी नोंद करून पुढे जा.

कागदाकडेही बघा. एडवर्ड्स काटकसरी माणूस. घरात बायका-मुली रेशमी-कागदी पंखे बनवत. त्याच्या कापलेल्या तुकड्यांवर, पत्रांच्या उरलेल्या बाजूंवर त्याने उपदेश लिहिले आणि हाताने शिवून तळहाताएवढ्या वह्या केल्या. पानाचा आकार अर्धगोल का, हे कोडं त्यामुळे सुटतं.

तारीख: इथे हमखास घसरतात

मी एका पत्राचा क्रम पूर्ण एक वर्ष चुकवला होता, म्हणून जरा थांबून सांगतो.

१७५२पर्यंत इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत जुनी ज्युलियन कालगणना होती आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे १६९१चा डिसेंबर संपला की १६९१चाच जानेवारी. गोंधळ टाळायला लोक जानेवारी ते २४ मार्चच्या तारखांवर जोडवर्ष लिहीत: '१० फेब्रुवारी १६९१/२'. आपल्या हिशेबाने ते १६९२. जोडवर्ष लिहिलेलं नसेल तर आगेमागेची पत्रं पाहूनच ठरवा. युरोपातल्या घटनेशी दिवस जुळवायचा असेल तर सतराव्या शतकातल्या तारखेत १० दिवस, अठराव्यातल्या तारखेत ११ दिवस मिळवा. सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर थेट १४ आली आणि हा घोळ मिटला.

त्यातून कट्टर प्युरिटनांना महिन्यांची रोमन नावं खपत नसत, कारण ती मूर्तिपूजकांच्या देवांची. ते महिने आकड्यांनी लिहीत. 'पहिला महिना' म्हणजे मार्च, म्हणून '१२वा महिना' म्हणजे फेब्रुवारी. मोडी कागदावरचा 'छ' आणि सुहूर सन ज्यांनी सोडवलाय त्यांना यात नवल वाटणार नाही. माझी पद्धत अशी: कागदावर जशी आहे तशी तारीख एका रकान्यात, आपल्या हिशेबाची शेजारच्या रकान्यात. मूळ तारीख कधीही खोडायची नाही.

ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

अवघड शब्द कोशात सापडतात. फसवतात ते सोपे. 'एन्थुझिॲझम' ही त्या काळची शिवी आहे: देव थेट माझ्याशी बोलतो असा खोटा दावा करणाऱ्याला ती लावत. १७४०च्या दशकातल्या धर्मजागृतीला विरोध करणारे बॉस्टनचे पाळक चार्ल्स चॉन्सी हाच शब्द हत्यारासारखा वापरतात. 'प्रोफेसर' म्हणजे शिक्षक नव्हे, विश्वासाची जाहीर कबुली दिलेला माणूस. 'कॉन्व्हर्सेशन' म्हणजे वागणूक. 'ऑफुल' म्हणजे भयचकित करणारं. 'रिलेशन' म्हणजे मंडळीत सामील होताना आपल्या मनःपरिवर्तनाची सांगितलेली हकिकत. 'लेक्चर' म्हणजे रविवार सोडून आठवड्यात होणारा उपदेश. बॉस्टनला तो गुरुवारी असे.

नात्यांचे शब्द तर मराठी माणसाला हैराण करतात. 'ब्रदर' मेहुणाही असतो आणि मंडळीतला कुणीही. 'कझिन' पुष्कळदा पुतण्या किंवा भाचा निघतो. वर आलेले हॉली 'अंकल' नेमके कोण? वंशावळ काढली तेव्हा कळलं, एडवर्ड्सच्या मावशीचे यजमान. मावशी त्याच गावात राहत होती. एवढं कळल्यावर ते पत्र पुन्हा वाचा.

पत्राची चौकट

पाकीट नव्हतं. कागदच घडी घालून लाखेने बंद करायचा आणि बाहेरच्या घडीवर पत्ता लिहायचा. त्यामुळे स्कॅनमधलं शेवटचं, बहुधा कोरं वाटणारं पान आधी बघा. पत्ता, कोणाच्या हाती पाठवलं त्याचं नाव आणि पुष्कळदा मिळाल्यावर घेणाऱ्याने टाकलेली टीप तिथे असते. ही टीप म्हणजे सोनं, कारण पत्राला किती दिवस लागले ते त्यावरून समजतं. अटलांटिकपलीकडे जाणारी पत्रं जहाजाच्या कप्तानाकडे दिली जात आणि जहाज बुडण्याच्या धास्तीने त्याच मजकुराच्या दोन-दोन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी धाडत. दोन प्रती सापडल्या तर फरक तपासा.

मायना आणि शेवट यांवर जीव टाकू नका. 'आपला अयोग्य बंधू आणि सेवक' हे आपल्या 'कृतानेक साष्टांग नमस्कार'सारखंच आहे. त्यावरून नम्रता मोजायची नसते. तसंच 'मी नीच किडा' वगैरे. ते सगळेच लिहीत, बायबलमधून उचलून. नजर ठेवायची ती चौकट मोडते तिथे: ताजा कलम, समासातली आडवी ओळ, खोडलेला शब्द, पगाराचा विषय. पाळकाचं मन बघायचं असेल तर सरपण आणि पगार यांबद्दल तो काय लिहितो ते बघा.

उपदेशाचा सांगाडा

उपदेश दिसायला अथांग, पण आतला सांगाडा ठरलेला. आधी बायबलचं वचन. मग त्याचा संदर्भ. मग एका वाक्यात 'डॉक्ट्रिन', म्हणजे वचनातून काढलेलं तत्त्व. मग त्याची कारणं, क्रमांक टाकून. आणि शेवटी 'यूझ' किंवा 'ॲप्लिकेशन': हे तुला, इथे बसलेल्याला, कसं लागू होतं. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाचा अभंग आणि निरूपण पक्कं झाल्याशिवाय बुवा आख्यानाला हात घालत नाहीत. तशी ही शिस्त. फरक असा की इथे उत्तररंगात गोष्ट येत नाही. इथे श्रोत्याचीच झडती होते.

वाचताना पेन्सिलीने समासात व, त, का, ला अशा खुणा करा: वचन, तत्त्व, कारणं, लागू करणं. मग उलटं वाचा, 'ला'पासून. कारण पाळक ताज्या घटनेबद्दल, म्हणजे दुष्काळ, साथ, भांडण, तरुण पोरांची मस्ती, जे काही बोलतो ते शेवटीच.

वचन मात्र स्वतः उघडून बघाच. जवळ मराठी पवित्र शास्त्र ठेवा. पुस्तकांची नावं लावून घ्यायला एक दिवस पुरतो: जेनेसिस म्हणजे उत्पत्ती, एक्झोडस निर्गम, ड्युटेरॉनॉमी अनुवाद, साम्स स्तोत्रसंहिता, जोब ईयोब, ॲक्ट्स प्रेषितांची कृत्ये. ८ जुलै १७४१ रोजी एनफिल्डला एडवर्ड्सने दिलेल्या सर्वांत प्रसिद्ध उपदेशाचं वचन अनुवाद ३२:३५ मधलं आहे, योग्य वेळी त्यांचा पाय घसरेल, एवढंच. त्यात आग नाही, कोळी नाही. जळत्या कुंडावर धाग्याने लोंबणारा कोळी एडवर्ड्सने घातला. वचन वाचलं असेल तरच पाळकाची स्वतःची भर किती ते कळतं.

आणि प्रसंग पाहा. राज्यकर्त्यांच्या निवडणुकीचा, उपासाच्या दिवसाचा, अंत्यविधीचा, फाशीच्या दिवशीचा, असे उपदेशाचे वेगवेगळे घाट होते. फाशीच्या उपदेशात पाळक कठोर आहे म्हणून तो माणूस क्रूर, असं ठरवणं घाईचं होईल.

शेजारी ठेवून वाचणं

आता मूळ मुद्दा. ऑकमने १७७२ मध्ये मोझेस पॉल या मूळनिवासी कैद्याच्या फाशीच्या वेळी दिलेला उपदेश छापला गेला आणि खूप खपला. पाप, मृत्यू, दारू, पश्चात्ताप: भाषा अगदी घाटातली. आता त्याच्या एक वर्ष आधीचं, २४ जुलै १७७१चं पत्र काढा. गुरू एलेझर व्हीलॉक यांना लिहिलेलं. १७६५ ते १७६८ या काळात ऑकमने ब्रिटनमध्ये गावोगाव उपदेश करून मूळनिवासी मुलांच्या शाळेसाठी १२ हजार पौंडांहून जास्त निधी गोळा केला होता. त्या पैशातून उभं राहिलं डार्टमथ कॉलेज, आणि तिथे भरती गोऱ्या मुलांची. ऑकम लॅटिनचा आधार घेऊन लिहितो की तुमची 'आल्मा माटेर', म्हणजे दूध पाजणारी आई, इतकी 'आल्बा माटेर', म्हणजे गोरी आई, होईल की सावळ्या लेकरांना पाजणारच नाही. एका अक्षराचा फरक, पण कानाखाली आवाज काढणारा.

तिसरा कागद १७६८चा, त्याने स्वतःबद्दल लिहिलेली छोटी हकिकत. त्यात हिशेब आहे: मला १२ वर्षांच्या कामाचे १८० पौंड दिले, आणि दुसऱ्या एका मिशनरीवर एकाच वर्षात तेवढेच खर्च केले, १०० त्याला, ५० दुभाष्याला, ३० ओळख करून देणाऱ्याला. हे तीन कागद एका टेबलावर ठेवून उपदेश पुन्हा वाचा. 'आपण सगळे पापी' हे वाक्य गोऱ्या श्रोत्यांसमोर उभ्या मोहेगन माणसाच्या तोंडून आलंय, हे मग विसरता येत नाही.

कधी कधी शेजारचा कागद पाळकाला खाली खेचतो. एडवर्ड्सने १७३१ मध्ये न्यूपोर्टला व्हीनस नावाची १४ वर्षांची मुलगी ८० पौंडांना विकत घेतली. खरेदीखत उरलं आहे. त्याचे स्वातंत्र्य, इच्छाशक्ती यांवरचे ग्रंथ वाचताना हा कागद फाइलमध्ये वर ठेवा. कॉटन मॅदरचं उलट-सुलट आहे. देवीच्या रोगावर टोचण्याची युक्ती आपल्याला आपल्या गुलामाकडून, ओनेसिमसकडून कळली, असं त्याने १७१६ मध्ये लंडनला कळवलं. १७२१च्या साथीत त्याने ती युक्ती रेटली आणि लोकांनी चिडून त्याच्या घरात खिडकीतून हातबॉम्ब फेकला. धर्मशास्त्राची पुस्तकं वाचून या माणसाचा अंदाज येत नाही.

छापील प्रतीवरही आंधळा विश्वास नको. एडवर्ड्सच्या १७३७च्या लंडन आवृत्तीच्या मुखपृष्ठावर नॉर्थॅम्प्टन चक्क न्यू हॅम्पशायरमध्ये ढकललंय. गाव होतं मॅसॅच्युसेट्सच्या हॅम्पशायर परगण्यात. लेखकाला आपल्या प्रतीत हाताने दुरुस्ती करावी लागली.

मराठीत आणताना

सगळ्यात मोठा खड्डा 'कन्व्हर्जन'. हात आपोआप 'धर्मांतर' लिहितो. एडवर्ड्स सांगतो, नॉर्थॅम्प्टनमध्ये सहा महिन्यांत तीनशेहून अधिक जणांचं 'कन्व्हर्जन' झालं. पण ती जवळजवळ सगळी जन्मापासून ख्रिस्तीच होती. इथे 'पालट' किंवा 'मनःपरिवर्तन' हवं. 'सेंट'ला 'संत' म्हटलंत तर वाचकापुढे तुकोबा उभे राहतील. प्युरिटनांच्या लेखी तो मंडळीचा साधा सभासद. 'चर्च' म्हणजे बहुतेक वेळा माणसं, तेव्हा 'मंडळी'. इमारतीला ते 'मीटिंग-हाऊस' म्हणत, तेव्हा 'सभागृह'. 'कव्हनंट'ला 'करार', 'ग्रेस'ला 'कृपा', 'मिनिस्टर'ला 'पाळक'. हे शब्द नव्याने घडवायची गरज नाही, नगर-जालना-मुंबईच्या मंडळ्यांत ते रोजच्या वापरात आहेत.

आपल्या दारापर्यंत आलेली पत्रं

न्यू इंग्लंडच्या पाळकांना भारत ठाऊक होता. मॅदरने तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनशी केलेला लॅटिन पत्रव्यवहार १७२१ मध्ये बॉस्टनला छापला. एडवर्ड्सच्या परंपरेत वाढलेल्या पुढच्या पिढ्यांनी १८१०ला अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनरी पाठवणारी संस्था स्थापन केली, आणि तिचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं. गव्हर्नर इव्हान नेपियन यांच्याकडे त्यांनी केलेले लेखी अर्ज वाचण्यासारखे आहेत, कारण त्यात पाळक आणि वकील एकाच लेखणीने लिहितात. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीने वारले.

बोर्डाचे कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, आणि या पत्रांतले उतारे 'मिशनरी हेरल्ड' मासिकात छापले जात. त्याचे जुने अंक इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतात. तिथूनच सुरू करा, पण ते अमेरिकी वर्गणीदारांसाठी निवडून, काटछाट करून छापलेलं आहे हे ध्यानात ठेवा. नावं शोधताना आजची वर्तनी चालणार नाही. ठाणे, वसई, कल्याण, नाशिक ही गावं अमेरिकी कानाने ऐकून लिहिलेली आहेत, तीही प्रत्येक पत्रात वेगळी. अडलेला शब्द मोठ्याने म्हणून बघा. घरातलं कुणीतरी स्वयंपाकघरातून म्हणेल, 'अहो, माहीम म्हणताय का?'